गुळाचं यंत्र, दोन योजना आणि आयकराचं एक कलम

जून २०२३ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यातून मला बोलावणं आलं. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक जुनं शेपर आणि कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवलेलं काहीतरी. मालक छप्पन्न वर्षांचे. पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून यायची, हे ती मशिनिंग करून द्यायचे. पंचवीस वर्षं हेच जॉबवर्क. त्यांची भाची मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यातली नोकरी सोडून मामांकडे आलेली. फडकं तिनं बाजूला केलं. आत गुऱ्हाळासाठीच्या यंत्राचा सांगाडा होता.

मी लहान उद्योगांचे प्रकल्प अहवाल तयार करतो. कुठल्या योजनेत काय बसतं हे सांगणं हे माझं काम. पुढच्या दोन वर्षांत या मामा-भाचीबरोबर मी जे पाहिलं, ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण नवउद्योगाला आणि नवकल्पनेला पाठबळ देणारं सरकारी धोरण नेमकं कुठे पोचतं आणि कुठे अडतं, हे मला यातूनच नीट कळलं. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत.

यंत्र काय होतं

गूळ कसा होतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण यंत्र समजण्यासाठी दोन वाक्यं. उसाचा रस काहिलीत उकळतात, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आणून काढतात आणि पाक घट्ट होत गेला की गुळव्या तो थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते पाहतो. तो क्षण साधला की काहील वाफ्यात ओततात. साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला घट्ट गुळाचा पाक तयार होतो, १०५ ते १०८ च्या आसपास थांबलं तर काकवी. मधली खिडकी अगदी लहान. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की गूळ काळपट होतो, नाहीतर चिकट राहतो, आणि मग रंग उजळवण्यासाठी हायड्रॉस या रसायनाचा हात सैल सुटतो.

भाचीचं यंत्र दोन कामं करणार होतं. पाकाचं तापमान सतत मोजायचं आणि त्याप्रमाणे चुलवाणात जाणारी हवा कमी-जास्त करायची. पाक तयार होताच काहील यंत्रानंच कलती करायची, म्हणजे चार माणसांनी उकळत्या काहिलीशी झटायला नको. कल्पना चांगली होती. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन टिकवायला दर आधणाचा, म्हणजे एका वेळी उकळलेल्या रसाचा, गूळ सारखा यावा लागतो, आणि सारखेपणाचा सगळा भार गुळव्याच्या बोटांवर आहे. हे बोटांचं ज्ञान असलेली माणसं म्हातारी होत चालली आहेत. तिला हीच गोष्ट लागली होती.

माझा पहिला सल्ला

मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुचवला. २००८ पासूनची योजना, आणि २०२२ मध्ये उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झालेली. महिला म्हणून ती विशेष गटात बसत होती. शहरात उद्योग काढला तर २५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. म्हणून उद्यमनगर सोडून गोकुळ शिरगावला शेड भाड्यानं घ्यायचं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली जागा या योजनेत ग्रामीण धरली जाते. एवढ्या एका बदलानं अनुदान दहा टक्क्यांनी वाढत होतं.

अहवाल ३२ लाखांचा झाला. अनुदान ११ लाख २० हजार, स्वतःचे १ लाख ६० हजार. बँक आधी ९५ टक्के, म्हणजे ३० लाख ४० हजार देणार. अनुदान हातात मिळत नाही, ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची खात्री झाली की ते कर्जात वळतं होतं. तोपर्यंत शेड, प्लाझ्मा कटिंग मशीन, वेल्डिंग सेट, बेंडिंग रोल अशी यादी कागदावर शोभत होती.

मामा एवढंच म्हणाले, "साहेब, यंत्र अजून चाललेलं न्हाई. आणि आपण ते बनवायचा कारखाना मांडायला लागलोय."

ते बरोबर होते. ३५ टक्क्यांचा आकडा दिसला की हात आपोआप त्या अर्जाकडे जातो, माझाही गेला. अनुदान खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च मोठा दाखवण्याकडे सगळ्यांचाच कल होतो. अर्जदाराचा होतो, अहवाल करणाऱ्याचा होतो, यंत्रं विकणाऱ्याचा तर होतोच. तिच्या यंत्राला त्या वेळी लागत होते चार-पाच लाख रुपये, तेही लोखंड, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर), मोटर आणि चालू गुऱ्हाळात फुकट जाणाऱ्या आधणांच्या भरपाईसाठी. त्या खर्चाला अर्जात रकानाच नव्हता.

दुसरी वाट आणि ती का बंद होती

रकाना असलेली योजना होती. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रानं स्टार्टअप इंडिया सीड फंड सुरू केला, ९४५ कोटींचा. त्यात नमुना बनवणं, चाचण्या घेणं, कल्पना चालते हे सिद्ध करणं यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, हप्त्याहप्त्यानं मिळत होतं. शेती आणि अन्नप्रक्रिया ही तर त्यातली प्राधान्याची क्षेत्रं. तिच्या गरजेला हे कापड मापून बेतल्यासारखं होतं.

अडचण उद्योगाच्या कायदेशीर रूपाची होती. स्टार्टअप म्हणून मान्यता प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला, एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळत होती. एकट्याच्या मालकीच्या उद्योगाला नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रम बरोबर उलटा, तो व्यक्तीला दिला जातो, कंपनी किंवा एलएलपी तिथे चालत नाही. आणि सीड फंडाची आणखी एक अट होती. इतर कुठल्याही केंद्रीय किंवा राज्य योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. माझ्या अहवालातलं अनुदान ११ लाख २० हजारांचं होतं.

म्हणजे एकाच मुलीचा एकच विचार, पण सरकारच्या एका दारातून आत जायचं तर तिनं व्यक्ती असायला हवं आणि दुसऱ्यातून जायचं तर कंपनी. मला यात कुणाचा खोटेपणा दिसत नाही. पहिली योजना बेकार तरुणाला पायावर उभं करण्यासाठी आखली गेली, दुसरी वेगानं वाढू शकणाऱ्या तंत्रज्ञानासाठी. पण कोल्हापूरसारख्या गावात नवी कल्पना येते ती गाळ्यातून, लेथवर काम करणाऱ्या हातांतून. ती बेकार तरुणाची नसते आणि सादरीकरण घेऊन फिरणाऱ्या स्टार्टअपचीही नसते. बाबूराव पेंटरांनी शंभरावर वर्षांपूर्वी याच शहरात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तोही कारागिराच्याच हातानं. या मधल्या माणसाचं नाव कुठल्या यादीत घालायचं, हे धोरणाला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तेव्हा एलएलपीचा आग्रह धरायला हवा होता का? कदाचित. मामांना कंपनी म्हटलं की दरवर्षीचं ऑडिट आठवायचं. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीला ऑडिट सक्तीचं नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून उत्तर दिलं नाही, हे माझ्या पेशात चालायला नको.

कागद फिरत राहिले, हंगाम सुरू झाला

जुलैमध्ये ऑनलाइन अर्ज केला. सप्टेंबरमध्ये तो बँकेत पोचला. शाखाधिकारी भला माणूस होता, पण त्याचे प्रश्न त्याच्या जागी रास्त होते. हे यंत्र आजवर कुणी विकत घेतलंय का? ऑर्डर आहे का? नसेल तर हप्ता कशातून फेडणार? मग मामांच्या घराची मिळकत पत्रिका मागितली गेली. तारण नसलेल्या कर्जासाठी सरकारी पतहमी आहे. एप्रिल २०२३ पासून तर तिची मर्यादा ५ कोटी झाली होती, आणि महिला उद्योजकांना हमीचं प्रमाणही जास्त आहे. हे सगळं मी सांगितलं. पण हमी बुडालेल्या कर्जाचा भार उचलते, न चाललेल्या यंत्रावरचा अविश्वास ती दूर करत नाही.

एक काम मात्र आम्ही वेळेवर केलं. एका कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचं तिच्या मनात होतं. मी थांबवलं. अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर मांडला की त्याचं नावीन्य गेलं असं पेटंट कायदा धरतो, सूट देणारे अपवाद फार थोडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज भरला. व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला शुल्क सारखंच, ऑनलाइन १,६०० रुपये. पूर्ण तपशील द्यायला पुढे बारा महिने. इथे तरी धोरणानं कायदेशीर रूपावरून भेद केलेला नाही. ज्या सवलतीची जाहिरात सगळ्यांत कमी होते, ती सगळ्यांत सरळ निघाली.

२४ ऑक्टोबरला दसरा झाला. दिवाळीनंतर करवीर, पन्हाळा, कागल भागात गुऱ्हाळं पेटली. गुळाचं वर्ष असं सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, बँकेचं उद्दिष्ट मार्चला संपतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी या तीन महिन्यांत चाचणी घेता आली नाही तर पुढची संधी एकदम पुढच्या दिवाळीला. हे मी कुठल्याही अर्जात लिहू शकलो नाही, कारण हंगामाचा उल्लेख करायची जागाच नव्हती. जानेवारीत बँकेनं अर्ज परत केला. त्या संध्याकाळी ती गाळ्यात फडक्याखालच्या सांगाड्याजवळ नुसती बसून होती. मामांनी चहा मागवला आणि कुणीच काही बोललं नाही.

पैसे कुठून आले

मामांचे एका मोठ्या कंपनीकडे २१ लाख अडकले होते. सर्वांत जुनं बिल सात महिन्यांचं. दर महिन्याला फोन, दर महिन्याला 'पुढच्या आठवड्यात'. कायदा त्यांच्या बाजूनं पूर्ण होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार केली तर ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि निकालाविरुद्ध जायचं तर खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. एवढा कडक कायदा छोट्या उद्योजकासाठी दुसरा नसेल.

मामांनी तो वापरला नाही. वापरणारही नव्हते. "पाण्यात राहून माशाशी वैर कुठं करायचं? उद्या जॉब बंद झाला तर ह्या चार पोरांचा पगार कोण देणार?" त्यांच्या गाळ्यात चार कामगार होते. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. तक्रार करण्याची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याच्यावरच कायदा वापरायची जबाबदारी टाकली की असं होतं.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाचं पत्र आलं, उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र पाठवा म्हणून. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कारण आयकर कायद्यात नवं कलम लागू झालं होतं, ४३बी चं एच उपकलम. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल त्या ४५ दिवसांच्या मुदतीपलीकडे थकलं, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे आलं. म्हणजे मार्चअखेर पैसे दिले नाहीत तर तेवढ्या रकमेवर कंपनीनं नफ्यासारखा कर भरायचा.

सुदैवानं भाचीनं आदल्याच वर्षी मामांची उद्यम नोंदणी करून ठेवली होती. जुना उद्योग आधार निरुपयोगी झाला होता हे त्यांना माहीतही नव्हतं. नोंदणी फुकट असते, ऑनलाइन होते, तिला अर्धा तास लागला. नोंदणीनंतरच्या पुरवठ्यालाच या कायद्याचं संरक्षण मिळतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं होतं, म्हणून तो अर्धा तास मोलाचा ठरला.

३१ मार्च त्या वर्षी रविवारी होता. गुरुवारी, २८ तारखेला, मामांच्या खात्यात १६ लाख जमा झाले. मामांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही, कुणाशी वैर घेतलं नाही. कलमानं खरेदीदाराचाच फायदा वेळेवर पैसे देण्याशी बांधला, एवढंच. काही ठिकाणी या कलमामुळे खरेदीदार छोट्या पुरवठादारांना टाळू लागले अशी तक्रार उद्यमनगरात मी ऐकली आहे, ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण या गाळ्यात घडलं ते असं. नवकल्पनेसाठी काढलेल्या योजनांनी जे केलं नाही, ते 'नवकल्पना' हा शब्दही नसलेल्या कलमानं केलं. मामांनी त्याच रात्री सहा लाख भाचीच्या हाती दिले.

करवीरमधले नऊ दिवस

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करवीर तालुक्यात एक गुऱ्हाळ अजून चालू होतं. मालक तयार झाला, अट एकच, बिघडलेल्या आधणाची भरपाई रोख. नऊ दिवस मिळाले.

पहिले तीन दिवस सगळं चुकलं. थर्मोकपल काहिलीच्या कडेला बसवला होता. त्याच्यावर पाकाची पापडी धरायची आणि यंत्र दोन-तीन अंश मागेच राहायचं. यंत्रावर ११५ दिसत असताना पाक पुढे गेलेला असायचा. पाच आधणं काळी पडली. भाची सेन्सर बदलायचा, महागडा मागवायचा म्हणू लागली. चौथ्या दिवशी गुळव्या, सत्तरीचे गृहस्थ, तीन दिवस गप्प बसून पाहणारे, म्हणाले, "ताई, कडंचा पाक आळशी असतोय. मधी जिथं उकळी फुटती तिथं बघा. आमी बी कडंचा थेंब कधी घेत न्हाई."

तिनं काहिलीवर आडवा दांडा टाकून थर्मोकपल मधोमध, उकळीच्या तोंडाशी सोडला. तिथे पाक सतत हलत असल्यामुळे पापडी धरत नव्हती. सहाव्या दिवसापासून यंत्राचा आकडा आणि गुळव्यांची गोळी एकाच वेळी जुळू लागली. शेवटच्या दिवशी सलग चार आधणं एका रंगाची उतरली. हायड्रॉस न घालता.

या नऊ दिवसांत आणखी एक गोष्ट कळली. कलती काहील बनवायला प्लाझ्मा कटिंग मशीनची गरजच नव्हती, ते काम शिरोलीत बाहेरून करून घेणं स्वस्त पडत होतं. माझा ३२ लाखांचा अहवाल मंजूर झाला असता तर आठ लाखांचं नको असलेलं यंत्र अनुदानासह गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये धूळ खात उभं राहिलं असतं, आणि ते तीन वर्षं चालू दाखवावं लागलं असतं.

दिवाळीनंतर दोन गुऱ्हाळमालकांनी आगाऊ रक्कम देऊन यंत्रं मागवली. तीच दोन पत्रं घेऊन आम्ही त्याच बँकेत गेलो, या वेळी २४ लाखांचा अहवाल घेऊन. अनुदान ८ लाख ४० हजार, स्वतःचे १ लाख २० हजार. कर्ज मंजूर झालं. शाखाधिकारी तेच होते, प्रश्नही तेच, फक्त आता आमच्याकडे उत्तरं होती. योजना वाईट नव्हती, ती तिच्या वेळेआधी गळ्यात घातली गेली होती.

म्हणून मला वाटतं की जिल्हा पातळीवर चाचणीसाठी छोटी रक्कम वेगळी ठेवायला हवी. तीन ते पाच लाख, तारण नाही, कंपनी असण्याची अट नाही, आणि अर्जात हंगाम लिहायची जागा. ज्याच्या गुऱ्हाळात, शेतात किंवा मागावर चाचणी होईल त्याच्या नुकसानीची भरपाई त्यातून थेट व्हावी. राज्यानं २०१८ मध्ये स्टार्टअप धोरण आणलं, २०२५ मध्ये नवं आणलं. त्यांतल्या मोठ्या आकड्यांना माझा विरोध नाही. पण राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हा गूळ करणाऱ्याला विकायची जागा आधी मिळाली. आजच्या योजनांत यंत्र घेण्याला पैसे आहेत, पहिला गिऱ्हाईक मिळवून देण्याला फार थोडे.

आणि एक हिशेब राहिला होता. पेटंटचा पूर्ण तपशील मुदतीत, ऑक्टोबर २०२४ च्या आत द्यायचा होता. मधोमध सोडलेला थर्मोकपल हा आता शोधाचा गाभा झाला होता, आणि तो विचार भाचीचा नव्हता. पूर्ण तपशिलाबरोबर शोधकांची घोषणा करणारा वेगळा नमुना भरावा लागतो, खऱ्या शोधकाचं नाव त्यात असायलाच हवं. तिनं विचारलं, "गुळव्यांचं नाव घालायचं ना?" मी म्हटलं, घालायलाच हवं. हक्काचा करारही करायला हवा.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, न्हावी, माळा गुंफणारे. गुळव्या त्यात नाही. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. करार वाचून दाखवला, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे त्यांना ठरावीक रक्कम. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं, वडिलांचं नाव एके ठिकाणी चुकलं होतं ते दाखवलं, आणि दुरुस्त करून आणल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्त करून नेलं.